खाणीतला समुद्र

पाचवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये आमचा कोळीनृत्याचा कार्यक्रम होता. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी लावून त्यावर सतरंजी टाकलेली, तेच स्टेज. आम्ही आठ मुली. दुसरं कडवं सुरू झालं आणि सीडी अडकली. एकच शब्द तीन-चारदा ओरडून गाणं बंद पडलं. आम्ही जिथे होतो तिथेच थांबलो, एकमेकींकडे बघत. मागची मुलं शिट्ट्या मारायला लागली. बाई धावत सीडी प्लेअरकडे गेल्या.

समोर माझे वडील बसले होते. ते टाळ्या वाजवत होते, आमच्या पावलांच्या तालात. आम्ही थांबल्यावर त्यांचे हातही थांबले आणि त्यांनी शेजारच्या माणसाकडे गोंधळून पाहिलं. घरी जाताना सायकलवर मला पुढे बसवून त्यांनी विचारलं, "मधीच का थांबलात गं? चांगलं चाललं हुतं की."

"अण्णा, गाणं बंद पडलं."

"मग पाय कशाला बंद पाडायचं?"

हा किस्सा मी पुढे कितीतरी वर्षं सांगितला. कॉलेजमध्ये, हॉस्टेलवर, ऑफिसच्या पार्टीत. लोक हसायचे, मीही हसायचे. तो विनोद नाही हे कळायला मला अठराएक वर्षं लागली, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या एका ग्रॅनाइटच्या खाणीत झालेल्या नाचाची गोष्ट ऐकावी लागली.

आमचं घर पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या बाजूला. आता तिथे टॉवर उभे आहेत आणि मी त्यांच्याच वाटेवर, खराडीतल्या एका कंपनीत, कोड लिहिते. लहानपणी मात्र तिकडे जिकडे बघावं तिकडे काळ्या दगडाच्या खाणी आणि खडीचे क्रशर. आजोबांनी तुळजापूरकडे ७२च्या दुष्काळी कामावर खडी फोडली आणि मग ते खडीच्याच मागे पुण्यापर्यंत आले. अण्णा सतराव्या वर्षी मशिनीवर उभे राहिले. मशीन म्हणजे कॉम्प्रेसरवर चालणारं, दगडात भोक पाडणारं. भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, लाल झेंडा दाखवायचा, शिट्टी मारायची, लांब पळायचं. आम्ही पोरं पत्र्याच्या घरांमागून बघायचो. आधी धुरळा उठलेला दिसायचा, मग आवाज यायचा. या दोघांच्या मधल्या त्या क्षणात सगळं कसं गप्प असायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो हे मला आठवीच्या पुस्तकाच्या आधी त्या धुरळ्याने शिकवलं.

अण्णांनी बावीस वर्षं ते मशीन धरलं. कानाला संरक्षण म्हणजे मनात आलं तर कापसाचा बोळा. आठ तासांच्या कामात ८५ डेसिबलच्या वर आवाज असेल तर कान धोक्यात येतात असं मानतात. ते मशीन शंभराच्या पुढे सहज जातं. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात बारीक केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं, चार हजार हर्ट्झच्या आसपासचं. म्हणजे ढोल ऐकू येतो, पण 'स', 'श', 'त', 'फ' गळून पडतात. आवाज कळतो, शब्द कळत नाही. पुरुषाचं बोलणं त्यातल्या त्यात समजतं, बाईचं आणि लहान मुलाचं कमी.

म्हणजे अण्णांच्या आयुष्यातून जे आवाज आधी गेले, त्यांत माझा होता.

मी सातवीत असताना एकदा त्यांना शिट्टी ऐकू आली नाही. ते भोकाजवळ वाकून काहीतरी बघत राहिले. जोडीदाराने दंडाला धरून ओढत नेलं म्हणून वाचले. मालकाने भरपाई वगैरे काही दिली नाही, फक्त मशिनीवरून काढून वजनकाट्यावर बसवलं, आणि वर उपकारही सांगितले. घरात त्या दिवसाबद्दल कुणी बोलत नाही.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं. घरात तो शब्दही 'मशीन'च. एका मशिनीने घेतलं ते दुसऱ्या मशिनीने द्यावं असा माझा सरळ हिशोब. त्यांनी ते आठवडाभर घातलं आणि मग तंबाखूच्या जुन्या स्टीलच्या डबीत ठेवून दिलं. कुकरची शिट्टी, रस्त्यावरचे हॉर्न, भांडी आदळण्याचा आवाज, सगळं एकाच जोरात डोक्यात शिरतं म्हणाले. मला राग यायचा. पैशांचा नाही, असं वाटायचं की मी दाराशी उभी आहे आणि ते आतून कडी काढत नाहीत.

कंपनीने मला तीन महिन्यांसाठी मिनिॲपोलिसला पाठवलं. निघायच्या आदल्या रात्री अण्णांनी विमान किती वाजताचं आहे हे चौथ्यांदा विचारलं. मी बॅग भरत होते. ओरडले, "जाऊ द्या. तुम्हाला सांगून काही उपयोग आहे का?" ते हसले, मान हलवली. ऐकू न आल्यावर ते हसतात तसंच. पण मी इतक्या मोठ्याने ओरडले होते की ते त्यांना शब्दन् शब्द ऐकू गेलं असणार.

मिनिॲपोलिसच्या टीममध्ये पन्नाशी उलटलेला एक टेस्टर होता. शांत माणूस, दुपारी बाराला सँडविच खाणार म्हणजे बाराला. एकदा जेवताना त्याने विचारलं, वडील काय करतात? या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर आहे: 'कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये आहेत.' का कुणास ठाऊक, त्या दिवशी मी खरं सांगितलं. खाणीत होते. त्याने सँडविच खाली ठेवलं आणि म्हणाला, "मी एकदा खाणीत ट्रॉम्बोन वाजवलाय."

सप्टेंबर २००८. मिनिॲपोलिसच्या वायव्येला शंभरेक किलोमीटरवर सेंट क्लाउड नावाचं गाव आहे. ग्रॅनाइटचंच गाव. तिथल्या रेनबो खाणीच्या तळाशी मर्स कनिंगहॅमच्या नृत्यसंस्थेने 'ओशन' हे नृत्य केलं. मधे गोल रंगमंच, त्याच्याभोवती प्रेक्षक, आणि प्रेक्षकांच्याही मागे गोलाकार पसरलेले दीडशे वादक. वर आकाश, चारी बाजूंना कापलेला दगड. त्या दीडशे जणांत हा एक होता.

कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज हे आयुष्यभराचे जोडीदार. दोघांनी मिळून एक चमत्कारिक नियम पाळला: नाच आणि संगीत एका वेळी, एका जागी होईल, पण एकमेकांवर अवलंबून राहणार नाही. नर्तक तालमी शांततेत करायचे, स्टॉपवॉच लावून. संगीत वेगळं तयार व्हायचं. अनेकदा दोघांची पहिली गाठ थेट प्रयोगातच पडायची. कुठली हालचाल कुठल्या हालचालीनंतर येणार हे कनिंगहॅम कितीदा तरी फासे टाकून किंवा नाणं उडवून ठरवत. आपल्या आवडीनिवडीच्या बाहेरचं काहीतरी हाती लागावं म्हणून.

'ओशन'ची कल्पनाही दोघांचीच. जेम्स जॉइस आणखी जगला असता तर त्याचं पुढचं पुस्तक समुद्रावर असतं, असं जोसेफ कॅम्बेल त्यांना म्हणाला होता. तिथून हे निघालं. केज १९९२मध्ये गेला. त्याच्या मागे अँड्र्यू कल्व्हरने वाद्यवृंदाचा भाग रचला आणि डेव्हिड ट्यूडरने समुद्री प्राण्यांचे, बर्फाचे, पाण्याखालचे आवाज घेऊन इलेक्ट्रॉनिक भाग केला. १९९४मध्ये ब्रुसेल्सला पहिला प्रयोग झाला. बरोबर नव्वद मिनिटांचा. वाद्यवृंद एवढा मोठा, पण कंडक्टर नाही. जागोजागी डिजिटल घड्याळं. प्रत्येकाच्या हातात फक्त आपापला कागद.

"मग एकत्र कसं वाजवता?" मी विचारलं.

"एकत्र वाजवतच नाही," तो म्हणाला. "घड्याळ बघायचं. आपली वेळ आली की वाजवायचं. शेजारचा काय करतोय त्याची वाट बघायची नाही."

माझ्यातल्या इंजिनिअरला हे चटकन पटलं. आमच्या कामात निम्मी भांडणं याचीच असतात, की एका सर्व्हरने दुसऱ्याच्या उत्तरासाठी किती थांबायचं. सगळ्यांनी सगळ्यांसाठी थांबायचं ठरवलं, की एक अडकला की सगळं अडकतं. आमच्या गॅदरिंगसारखं. आणि उघड्यावर तर हा प्रश्न आणखी खरा. चौतीस मीटर लांबचा वादक तुमच्यापर्यंत एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. समोरच्या बाजूचा त्याहून उशिरा. दगडावर आपटून आलेला आवाज आणखी मागून. एवढ्या मोठ्या गोलात प्रत्येक खुर्चीवरची 'सम' वेगळी. पाऊल नेमकं ठेक्यावर पडतं की नाही, हे तिथे ठरवणार कोण?

पण पटणं वेगळं आणि बघवणं वेगळं. त्या प्रयोगाची चार्ल्स ॲटलसने फिल्म केली आहे. एका रविवारी या सहकाऱ्याने घरी बोलावून ती दाखवली. खरं सांगायचं तर पहिली वीस-पंचवीस मिनिटं मी कंटाळले. आपण लावणी बघतो, कथक बघतो, लेझीम बघतो. पायाला ढोलकी, तबला, हलगी हवीच. चक्रं घेत घेत नर्तकी समेवर येते तेव्हा आपलीही मान खाली येते. इथे मान सारखी अर्ध्यात अडकत होती. कुठेतरी ट्रॉम्बोन कण्हतोय, कुठेतरी व्हेलसारखं काहीतरी ओरडतंय, आणि मधे अंगाला चिकटलेल्या कपड्यांतली माणसं एका पायावर उभी राहून हात भलतीकडे वळवतायत. कनिंगहॅमला म्हातारपणी संधिवाताने नाचता येईना तेव्हा तो कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात बनलेलं 'लाइफफॉर्म्स' हे सॉफ्टवेअर वापरायला लागला होता. पडद्यावरच्या बाहुलीला आधी पाय द्यायचे, मग कंबर, मग हात. मला तो कोड दिसत होता. नाच दिसत नव्हता.

मधेच त्याच्या बायकोचा फोन आला आणि त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. फिल्म चालूच राहिली.

आणि काहीही बिघडलं नाही. दोघी जणी गोलाच्या कडेने धावत आल्या, एकदम थांबल्या, एकीने दुसरीच्या खांद्यावर भार टाकला. आवाज नसताना ते जास्तच दिसायला लागलं. त्यांना एकमेकींची वेळ श्वासावरून, डोळ्याच्या कोपऱ्यावरून कळत होती. गाण्याने त्यांना उचललेलंच नव्हतं, त्यामुळे गाणं गेल्यावर पडायचा प्रश्न नव्हता. मग पाय कशाला बंद पाडायचं?

तिथे त्या अनोळखी घरातल्या सोफ्यावर मला ते वाक्य आठवलं आणि घशाशी आलं. अण्णांनी तेव्हा भाबडा प्रश्न विचारला नव्हता. गॅदरिंगच्या त्या मैदानात त्यांना गाणं बहुतेक धड ऐकूच येत नव्हतं. मी पाचवीत होते, म्हणजे शिट्टी न ऐकू येण्याच्या दोन वर्षं आधी. ते आमचे पाय बघून टाळ्या वाजवत होते. पूर्ण मैदानात नाच फक्त त्यांनीच पाहिला होता, बाकीच्यांनी गाणं ऐकलं. आणि त्यांचं ऐकणं जातंय ही खूण माझ्या हातात सायकलच्या दांड्यावर बसल्या बसल्या आली होती. मी तिचा किस्सा करून टाकला.

परत येताना त्या माणसाने केजची एक गोष्ट सांगितली, जी संगीतवाल्यांत प्रसिद्ध आहे. १९५१च्या सुमारास केज हार्वर्डच्या एका अशा खोलीत गेला, जिथे आवाजाचा मागमूसही उरत नाही. शांतता ऐकायला गेलेल्या केजला दोन आवाज ऐकू आले, एक वरचा, एक खालचा. बाहेर आल्यावर त्याला सांगण्यात आलं, की वरचा तुझ्या मज्जासंस्थेचा आणि खालचा तुझ्या रक्ताचा. जिवंत माणसाला पूर्ण शांतता नाहीच, हे त्याने त्यातून घेतलं, आणि पुढच्याच वर्षी वादकाने एकही सूर न वाजवण्याची ती साडेचार मिनिटांची रचना केली. तो वरचा आवाज म्हणजे केजच्याच कानाचा दोष असावा, असंही काही जण म्हणतात. अण्णांच्या कानात रात्रंदिवस रातकिडे ओरडतात. निदान ते तसं म्हणतात. मी त्यांना कधी विचारलं नव्हतं की ते रातकिडे कुठल्या सुरात ओरडतात, एकच असतो की पुष्कळ, झोप लागते का.

ऑक्टोबरच्या शेवटी त्याने मला गाडीने सेंट क्लाउडजवळ नेलं. रेनबो खाण ही कंपनीची, तिथे असं कुणालाही जाता येत नाही. पण शेजारी वेट पार्कला जुन्या खाणींचंच एक सार्वजनिक उद्यान केलेलं आहे. पाणी भरलेल्या खाणी, भोवती झाडं, उन्हाळ्यात लोक पोहतात. तेव्हा थंडी होती, कुणी नव्हतं. सकाळचे नऊ, म्हणजे घरी संध्याकाळचे साडेसात. मी व्हिडिओ कॉल लावला. आईने फोन अण्णांच्या हातात दिला. मी काही बोलले नाही, कॅमेरा फक्त दगडाकडे वळवला.

"थांब, थांब," ते म्हणाले. "जवळ घे."

दगडाच्या कडेवर उभ्या अर्ध्या नळ्यांसारख्या खुणा होत्या, एकीला लागून एक.

"बघ, होल किती जवळजवळ मारल्यात. हे फोडायचं काम न्हाई, कापायचं काम हाय. आख्खा ठोकळा काढायचा असंल. आपल्यात सुरुंगानं चुरा करायचा, हितं चिरा पडला तर माल गेला." मग जरा वेळ नुसते बघत राहिले. "हात चांगला हुता गड्याचा. एकबी होल तिरकं न्हाई."

एवढं सलग ते माझ्याशी कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. मी एक शब्द न बोलता.

सहकारी लांब उभा होता. त्याने विचारलं, काय म्हणाले? मी भाषांतर करून सांगितलं. तो पुढे येऊन त्या खुणांवरून बोट फिरवत बसला. म्हणाला, मी आयुष्यभर या भागात राहतोय, हे कधी वाचता आलं नाही.

परत आल्यावर एका रविवारी दुपारी अण्णांना बसवलं. फोनवर 'ओशन'चे काही तुकडे मिळाले होते, ते टीव्हीला जोडले. कानाच्या मशिनीचा विषय काढला नाही. डबी नेहमीच्या जागी, देवाच्या फळीवर होती.

"हे काय हाय?"

"खाणीतला समुद्र," मी म्हटलं.

"मुद्रा?"

'स' गेला होता. मी पुन्हा म्हणणार होते, जोरात, मग म्हटलं राहू दे. मुद्राही चालेल. दोन्ही हातांनी लाटा करून दाखवल्या, कोळीनृत्यात करायचो तशा. ते हसले. हे हसणं ऐकू न आल्याचं नव्हतं. ते मला आता ओळखता येतं.

ते बराच वेळ बघत होते. आई स्वयंपाकघरातून डोकावली, "हे कसलं गं कण्हल्यासारखं गाणं?" म्हणाली आणि परत गेली. अण्णांचं लक्ष पायांकडे. एक नर्तक कितीतरी वेळ एका पायावर उभा राहिला तेव्हा त्यांच्या गुडघ्यावरची बोटं आवळली गेली, आणि त्याने पाय टेकल्यावर सुटली.

"गाणं चालू हाय का बंद?"

मी मान डोलावून चालू असल्याची खूण केली.

"आसंना का. त्यांचं कुठं आडतंय."

मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. त्या रात्रीच्या ओरडण्याबद्दल, ट्रॉल्यांच्या स्टेजबद्दल, मी सांगत फिरलेल्या किश्शाबद्दल. वही घेतली, पेन घेतलं आणि लिहिलं: 'अण्णा, तुमच्या कानात जे वाजतं ते कसं वाजतं?' त्यांनी चष्मा लावून वाचलं. जरा वेळ गेला. मग त्यांनी जीभ टाळूला लावून एक बारीक, लांब शीळ काढून दाखवली, इतकी बारीक की मला वाकावं लागलं. ती शीळ त्यांना स्वतःला बहुतेक ऐकू येत नसावी. ती कधी थांबवायची हेही त्यांना ठरवता येईना. माझा चेहरा बघत ते ती चालू ठेवत राहिले. मी मान हलवल्यावर थांबले.

टीव्हीवर पुन्हा खाणीचा वरून दिसणारा गोल आला. त्यांनी बोट दाखवलं.

"खाणीच्या तळाला पाणी साठतंच. एवढी माणसं बसवायच्या आधी ते काढलं कुठून आन् सोडलं कुठं? इचार की त्या तुझ्या वाजिवणाऱ्याला."

मी मेसेज टाकला. तिकडे पहाट होती, उत्तर लगेच येणार नव्हतं. अण्णा म्हणाले, बसू की. आणि आम्ही बसलो.